एकाच घरात चौघांना ‘पित्त’, पट्टी मात्र एकच

सोलापूरची_थोरली_सून

एकत्र कुटुंब आहे. फ्रिजवरच्या डब्यात पॅन्टोप्राझोल-डोम्पेरिडोनच्या कॅप्सूलची पट्टी असते. ज्याला जळजळेल तो त्यातली एक घेतो. आता चौघांचं नेमकं विचारायचंय:

बाळ, साडेतीन महिन्यांचं. प्रत्येक वेळी पाजल्यावर दूध काढतं, कधी कधी दह्यासारखं. खेळतं छान.

नणंद, सातवा महिना. दिवसा ठीक, रात्री आडवी झाली की आंबट घशाशी येतं. लोह आणि कॅल्शियम चालू आहे.

धाकटे दीर, वय ३८, यंत्रमागावर रात्रपाळी. चार वर्षं जवळपास रोज कॅप्सूल. बंद केली की तिसऱ्या दिवशी दुप्पट जळजळ. सकाळी घशात बोटं घालून पित्त काढायची सवय.

सासूबाई, ६९. बीपी, शुगर, गुडघे. मिश्री लावतात. हल्ली कडक भाकरी घशाखाली उतरत नाही म्हणून चहात बुडवून खातात.

चौघांना एकच गोळी चालते का? नसेल तर कुणाचं काय आधी बघायचं? सब्जा, गुलकंद वगैरे माहीत आहे. त्यापुढचं सांगा.

वॉर्ड_नंबर_तीन

ताई, यादी उलटी वाचा. घाई सासूबाईंची आहे, बाकीचे तिघं नंतर.

‘चहात बुडवून खातात’ हे तुम्ही ओघात लिहिलंय, पण सगळ्या प्रश्नात तेच सगळ्यात वजनदार वाक्य आहे. अन्ननलिका अरुंद व्हायला लागली की आधी कडक भाकरी अडकते, मग मऊ भाकरी-पोळी, मग भात, शेवटी पाणी. माणूस तक्रार न करता खाणं बदलत जातो. घास लहान होतो, घासागणिक पाण्याचा घोट लागतो, मग सगळं आमटीत कुस्करलं जातं. घरच्यांना वाटतं, दात गेले. वर्षानुवर्षं आम्ल वर येऊन जखमेचा वण आवळला तरी असं होतं आणि कर्करोगानेही होतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, त्यामुळे धोका आणखी वाढतो. साठीनंतर नव्याने अडकायला लागलं तर गोळी घालून महिनाभर वाट बघत नाहीत, दुर्बीण (तोंडावाटे नळी घालून आतून बघणं, एंडोस्कोपी) करतात. वण असेल तर दुर्बिणीतूनच फुगा घालून जागा रुंद करता येते.

दुर्बिणीची तयारी: आदल्या रात्री हलकं आणि लवकर जेवण, मग किमान ६ ते ८ तास काही नाही. शुगरवाल्यांचं पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून तारीख घेतानाच शुगर आहे हे सांगा, उपाशी राहण्याचा वेळ ते वाढवून देतील. त्या दिवशीच्या शुगरच्या गोळीचं किंवा इन्सुलिनचं काय करायचं ते आधी विचारून ठेवा. उपाशी पोटी नेहमीचा डोस घेऊन साखर उतरलेले पेशंट येतात. घशात बधिर करणारा फवारा मारतात, तपासणी ५-१० मिनिटांची असते. गुंगी दिली तर सोबत माणूस हवा.

त्यांच्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्या. गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅकसारखी गोळी चालू असेल तर निम्मं उत्तर तिथेच आहे. बीपीची ॲम्लोडिपिन अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल करते. हाडांसाठी आठवड्याची ॲलेन्ड्रोनेट असेल तर ती उपाशी पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढची ३० मिनिटं आडवं व्हायचं नाही. घोटभर पाण्यात घेऊन पडलं की गोळी नळीतच चिकटते आणि भाजते. मात्र अडकतंय तोवर ही गोळी घ्यायचीच नाही, डॉक्टरांना तसं सांगा. बीपीची किंवा रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका.

न ठरवता उतरलेलं वजन, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी चिकट शी, रक्त कमी असणं, यातलं काही दिसलं तर कुठल्याही वयात थांबायचं नाही. (लोहाच्या गोळीनेही शी काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट आणि उग्र वासाची नसते.)

शुगर असलेल्या बाईच्या ‘ॲसिडिटी’वर चटकन विश्वास ठेवू नका. जिना चढताना जळजळ आणि बसल्यावर कमी, सोबत घाम, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, धाप, हे हृदयाचं असू शकतं. ढेकर आल्यावर बरं वाटलं म्हणजे पोटाचंच होतं, हा निकष चालत नाही. तेव्हा १०८ लावा आणि आधी ईसीजी काढा.

औषधपेठ

दिरांच्या कॅप्सूलबद्दल. चार वर्षं रोज घेऊनही त्रास आहे याचा अर्थ बहुतेक वेळा ती चुकीच्या वेळी जाते.

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल हा सगळा एकच वर्ग. जठराच्या अस्तरात आम्ल सोडणारे पंप असतात. जेवण आलं की ते चालू होतात, आणि ही औषधं फक्त चालू पंपाला धरतात. रक्तात औषध तास-दोन तासच टिकतं. म्हणून ते जेवणाआधी ३० ते ६० मिनिटं घ्यायचं, आणि त्यानंतर खरंच जेवायचं. जळजळल्यावर घेतलं तर पंप आधीच काम करून बसलेले असतात. उपाशी घेऊन नुसता चहा प्यायला तरी फुकट. पूर्ण परिणामाला ३ ते ५ दिवस लागतात, त्यामुळे ‘एक घेतली, गुण नाही’ याला अर्थ नाही. रात्रपाळीवाल्याने घड्याळाची सकाळ धरू नये. त्याचं पहिलं मोठं जेवण ज्या वेळी असेल त्याच्या आधी घ्यावी. गोळी कुटायची नाही आणि कॅप्सूल चावायची नाही, आम्लापासून वाचवणारं वेष्टण असतं.

आता जोडीचं डोम्पेरिडोन. जोडगोळी लिहायची इतकी सवय झालीय की साधं पॅन्टोप्राझोल मागितलं तरी काउंटरवर ‘डी’वालंच येतं. डोम्पेरिडोन मळमळीसाठी थोडे दिवस ठीक आहे. युरोपात २०१४ पासून ते साधारण आठवडाभरच द्यायचं असा दंडक आहे, कारण हृदयाचे ठोके बिघडू शकतात. साठीपुढे आणि क्लॅरिथ्रोमायसिन, फ्लुकोनॅझोल अशा औषधांबरोबर धोका वाढतो. म्हणजे डब्यातली ती पट्टी सासूबाईंनी उचलायची नाही. बाळाला आणि गरोदर बाईला तर त्यातलं काहीही मनाने द्यायचं नाही.

बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी भडका का उडतो? आम्ल महिनोन्महिने दाबून ठेवलं की शरीर ते वाढवायला सांगणारं गॅस्ट्रिन जास्त सोडतं. औषध काढलं की साठलेला जोर एकदम बाहेर येतो. मूळ दुखणं परतलंय असं त्यावरून ठरत नाही. हा भडका साधारण २ ते ४ आठवड्यांत ओसरतो, पण लोक चौथ्या दिवशीच परत पट्टी उघडतात. डॉक्टरांशी बोलून उतरायचा साधारण रस्ता असा: ४० मिलिग्रॅमवरून २० वर, २ ते ४ आठवडे, मग दिवसाआड, दोन आठवडे, मग बंद. मधल्या काळात जेवणानंतर आणि झोपताना अल्जिनेटचं पातळ औषध १० मिली. ते जठरातल्या अन्नावर फेसाचा थर धरतं, म्हणून रिकाम्या पोटी उपयोग कमी आणि वर तांब्याभर पाणीही नको. रात्रीचा त्रास असेल तर फॅमोटिडीन २० चालते, पण रोज घेतली तर आठवड्या-दोन आठवड्यांत तिचा जोर कमी पडतो. जुन्या रॅनिटिडीनच्या पट्ट्या घरात असतील तर काढून टाका. अमेरिकेत ती २०२० मध्ये बाजारातून मागे घेतली आणि आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतून २०२२ मध्ये वगळली.

सगळ्यांनीच बंद करायची असंही नाही. आधी दुर्बीण झाली असेल आणि अन्ननलिकेला मोठी जखम किंवा बॅरेट (आम्लाने नळीचं अस्तर बदलणं) असं काही लिहून आलं असेल, किंवा ॲस्पिरिन-वेदनाशामकांमुळे कधी रक्तस्राव झाला असेल, तर ती चालूच ठेवावी लागते. चार वर्षं झाली आहेत तेव्हा बी-१२ आणि मॅग्नेशियम तपासून घ्या. सासूबाई मेटफॉर्मिनवर असतील तर तेही बी-१२ खाली आणतं. तळव्यांना मुंग्या येतात ते दर वेळी शुगरनेच असं धरू नये.

फसफसणाऱ्या पुडीबद्दल एकच. पाच ग्रॅमच्या एका पुडीत साधारण दोन ग्रॅम मिठाइतकं सोडियम असतं. बीपीवाल्यांनी दिवसाला दोन पुड्या घेतल्या तर भाजीत मीठ कमी करण्यात काय हशील?

पाळणाघर_सिस्टर

बाळ आणि नणंद माझ्याकडे.

बाळ हसतंय, वजन चढतंय, दिवसाला सहा-सात लंगोट ओले होतायत, तर दूध काढणं हा आजार नाही, कपडे धुण्याचं काम आहे. झडप अजून कच्ची, अन्न सगळं पातळ आणि बाळ दिवसभर आडवं. साधारण चौथ्या महिन्यात हे सगळ्यात जास्त असतं, बसायला लागलं की कमी होतं, वर्ष-सव्वा वर्षात बहुतेकांचं थांबतं. दह्यासारखं येतं ते जठरात फाटलेलं दूध, घाबरायचं कारण नाही.

करायचं काय: एका वेळी थोडं कमी, पण जास्त वेळा पाजा. एका बाजूचं संपलं की दुसरीकडे घेण्याआधी ढेकर काढा. नंतर २०-३० मिनिटं खांद्यावर उभं धरा. मांडीत बसवू नका, बसवलं की पोट दुमडतं आणि दूध वर येतं. साडीच्या झोळीत पाठ कमानीसारखी वाकते, तेव्हा पाजल्या पाजल्या झोळीत टाकायचं नाही. लंगोटाची गाठ सैल. पोटाला पट्टी बांधत असाल तर सोडा. वजन आठवड्याला एकदा, त्याच अंगणवाडीच्या त्याच काट्यावर. पहिल्या तीन महिन्यांत रोज २० ते ३० ग्रॅम वाढ धरतात, पुढे थोडी मंदावते.

ग्राइप वॉटर, बाळगुटी, मध, ओवा-पाणी, यातलं काही नाही. मध वर्षाच्या आत अजिबात नाही. घट्ट व्हावं म्हणून तांदळाची पेज वगैरे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घालायची नाही.

लगेच न्यायचं कधी? उलटी हिरवी असेल, दोन-तीन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंतच्या बाळाला दर वेळी कारंज्यासारखी लांब उडत असेल, रक्त असेल, वजन थांबलं असेल, टाळू फुगली असेल, किंवा दूध काढणं सहा महिन्यांनंतर नव्याने सुरू झालं असेल. हिरव्या उलटीला सकाळ व्हायची वाट बघत नाहीत.

नणंद: गरोदरपणातल्या प्रोजेस्टेरॉनने झडप सैल होते, वर बाळ खालून ढकलतं. बाळंतपणानंतर बहुतेकींचं आपोआप जातं. रात्रीचं जेवण सातला, तेही पोटात जागा ठेवून. झोपायच्या आधी तीन तास काही नाही. डाव्या कुशीवर झोपायचं, त्या बाजूला जठर झडपेच्या खाली राहतं. उजव्या कुशीवर आम्ल थेट झडपेच्या तोंडाशी. परकराची, सलवारीची नाडी पोटावर आवळायची नाही. डोहाळजेवणाचं ताट एका बैठकीत संपवायला लावू नका बिचारीला!

औषधात आधी अल्जिनेट किंवा साधं अँटासिड, डॉक्टरांना विचारून. तेवढ्याने भागलं नाही तर फॅमोटिडीन किंवा ओमेप्राझोल ते देतात, गरोदरपणात ती चालतात. खायचा सोडा आणि सोड्याच्या पुड्या नकोत, अंगावर पाणी धरतं. लोहाची गोळी आणि अँटासिड यांत किमान दोन तास अंतर, नाहीतर लोह अंगी लागत नाही आणि पुढच्या तपासणीला हिमोग्लोबिन तिथेच. लोह आणि कॅल्शियमही एकत्र नाही. सोपं करायचं तर कॅल्शियम दोन्ही जेवणांबरोबर आणि लोह सकाळच्या नाश्त्यानंतर दोन तासांनी.

एक मात्र डोक्यात पक्कं ठेवा. विसाव्या आठवड्यानंतर बरगडीखाली, पोटाच्या वरच्या भागात दुखतंय आणि सोबत डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमक येतेय, तोंड सुजलंय, तर ते पित्त समजून झोपायचं नाही. त्याच रात्री बीपी मोजायचं. १४०/९० किंवा वर असेल तर थेट दवाखाना.

हुरडा_पार्टी

एवढं कशाला? ग्लासभर थंड दूध. पाच मिनिटांत थंडगार.

ताटातलं_गणित

पाच मिनिटांत थंडगार हे खरं. पुढच्या तासाचं बोला की ओ. दूध आम्लाला थोडा वेळ शमवतं, मग त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल सोडायला लावतात. साईचं दूध रात्री झोपताना घेतलं तर दुहेरी तोटा, कारण चरबीने पोट उशिरा रिकामं होतं.

आपल्याकडे ‘पित्त’ हा शब्दच घोळ घालतो. छातीत जळजळ हे पित्त, अर्धशिशीने डोकं धरलं ते पित्त, अंगावर गांधी उठल्या तेही पित्त. तिन्हींची कारणं वेगळी. दिरांना डोकं दुखून मळमळ होत असेल आणि उलटी झाली की उतरत असेल तर ती अर्धशिशी असू शकते, तिला ही कॅप्सूल काय करणार? बोटं घालणं आजपासून बंद. सकाळी निघतं ते आंबट पाणी म्हणजे उपाशी जठरातला नेहमीचा रस. कडू पिवळं येतं ते आतड्यातून ओढून काढलेलं. रोज ओकून दातांचा वरचा थर विरघळतो आणि जोर केल्याने अन्ननलिकेच्या तळाशी चीर पडून रक्त येऊ शकतं. आंबट तोंडात आलंच तर साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्धा तास ब्रश करू नका, मऊ पडलेला थर घासून जातो.

खाण्याचं. दोष ज्वारीच्या भाकरीला देऊ नका, ती निर्दोष आहे. (सासूबाईंच्या घशात ती अडकते तो प्रश्न नळीचा.) शेंगा चटणी बघा. शेंगदाण्याच्या वजनात जवळपास निम्मं तेल असतं, आणि आपण त्या चटणीत खड्डा करून वर आणखी तेल ओततो. दोन मोठे चमचे चटणी आणि दोन चहाचे चमचे तेल म्हटलं तरी वीसेक ग्रॅम चरबी झाली, तीही रात्री. चटणी दुपारी खा, चमचाभर, दह्यात कालवून. एकादशीचा त्रास त्यातूनच येतो. दिवसभर पोट रिकामं आणि संध्याकाळी दाण्याच्या कुटातली साबुदाणा खिचडी ताटभर.

पण सगळ्यांना सगळंच बाधत नाही. दोन आठवडे तळकट, जादा चहा, टोमॅटो-चिंचेचं आंबट आणि रात्रीचं तिखट मटण बंद ठेवा. मग तीन-तीन दिवसांनी एकेक परत आणा आणि कशाने जळजळलं ते लिहा. ज्याने काही होत नाही ते सोडायची गरज नाही.

रात्रपाळीचा दिवस असा लावा. संध्याकाळी सातला मोठं जेवण, कॅप्सूल सव्वासहाला. रात्री एकला एक भाकरी, भाजी, ताक. बीम (मागावरचा सुताचा जड रूळ) चढवणं, गठ्ठे उचलणं जेवल्यानंतरच्या तासाभरात टाळा, पोटावर दाब आला की आम्ल वर. पहाटेपर्यंत सहा-सात कप चहा होतो तो दोनवर आणा. पाळी सुटल्यावर पुरीभाजी, भजी खाऊन लगेच पडतात, तिथे सगळं बिघडतं. वाटीभर उप्पीट किंवा सुशीला (चुरमुऱ्यांचं उप्पीट) खा, आणि झोपेआधी दोन तास जाऊ द्या. तंबाखू-चुना सुटला नाही तर हे सगळं अर्धवटच राहील, कारण निकोटिनने झडप सैल पडते. पोट सुटलेलं असेल तर चार-पाच किलो उतरल्यावर फरक त्यांचा त्यांनाच कळेल.

सोलापूरची_थोरली_सून

सासूबाईंची दुर्बिणीची तारीख उद्या सकाळी घेते. एक राहिलं. डोक्याकडची बाजू उंच करा म्हणतात, ते उशा लावून चालतं का? सासूबाई लोखंडी कॉटवर झोपतात, दीर खाली अंथरुणावर.

वॉर्ड_नंबर_तीन

उशांनी मान वाकते, कमरेत घडी पडते आणि पोट उलट दाबलं जातं. उतार कमरेपासून हवा.

कॉट असेल तर डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली प्रत्येकी दोन विटा आडव्या ठेवा, म्हणजे साधारण सहा इंच होतात. लोखंडी पाय विटेवरून सरकतो, म्हणून वर जुन्या टायरचा किंवा जाड रबराचा तुकडा घाला आणि हाताने हलवून बघा. गुडघ्यांचा त्रास आहे तेव्हा उतरताना पाय जमिनीला टेकतात का तेही बघा.

खाली झोपणाऱ्याला आपल्याच चादरी कामाला येतात. जाड सोलापुरी चादर घडी करून कमरेपासून डोक्यापर्यंत पुरेल अशी घाला. तिच्यावर दुसरी, डोक्याकडची कड जुळवून, पण कमरेकडून वीतभर आखूड. मग तिसरी आणखी आखूड. डोक्याकडे सहा ते आठ इंच होईपर्यंत असं चढवत न्या आणि वरून एक सतरंजी घट्ट खोचा, नाहीतर रात्रीत थर घसरतात. त्यावर नेहमीची एक पातळ उशी.

बाळाला मात्र हा उतार करायचा नाही. ते सपाट, टणक अंथरुणावर, उताणंच.